काढ ओघ, मुळासकट

कऱ्हाडच्या एका शाळेने आपल्या निवृत्त प्राचार्यांचा सत्कार योजला आणि साडेआठशे निमंत्रणपत्रिका छापून घेतल्या. सगळ्या वाटून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की वर ठसठशीत अक्षरांत ‘ज्ञानवृद्ध आचाऱ्यांचा हृद्य सत्कार’ असं छापलंय. यवर रफार द्यायचा, की यच्या आधी रची पापणीसारखी अर्धी काडी काढायची, एवढासा तो फरक. पण तेवढ्यात गुरुजींचा स्वयंपाकी झाला. गावाला दोन दिवस हसायला कारण मिळालं. जिलबी कोण तळणार, असं विचारणारे फोन शाळेत आले. प्राचार्य स्वतः मोठ्या मनाचे. चाळीस वर्षं पोरं शिजवतच होतो, तेव्हा फार काही चुकलेलं नाही, असा निरोप त्यांनी छापखान्यात पाठवला.

हसू आलं नाही ते एकट्या यशोधरा पाटणकरला. त्या पत्रिकेचं प्रूफ तिने वाचलं होतं, आणि एकदा नाही, तीनदा.

यशोधराबाई म्हणजे मुजावरांच्या छापखान्याची शेवटची चाळण. बत्तीस वर्षं अक्षरजुळणी तीच करत आली आणि प्रुफंही तीच तपासत आली. तिच्या हातून गेलेल्या पानात चूक सापडली, तर सूर्य कुठून उगवला ते बघायची पाळी. ही सवय ती घरीही बाजूला ठेवू शकत नसे. मिठाईच्या खोक्यावरचा ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर मिठाई खायची आणि खोका दुरुस्त करून दुकानात परत पाठवायची. गावाच्या नावातच तो पापणीचा र असल्यामुळे त्याच्यावर तिचा विशेष जीव. बाहेरचे लोक ‘कर्हाड’ असं लिहीत, तेव्हा आपल्यालाच कुणी वाकड्या नावाने हाक मारल्यासारखं तिला वाटायचं.

आणि तोच र तिच्या डोळ्यांदेखत निसटला होता.

पत्रिका काही पहिली नव्हती. सहा महिन्यांपासून हे चाललं होतं. दिवाळीनंतर एका पतपेढीच्या अहवालात ‘सभासद’चा ‘सभासाद’ झाला. मग एका श्रद्धांजलीत कैलासवासी गृहस्थांचं आडनावच बदललं. प्रत्येक वेळी तिने पान वाचलेलं असायचं, आणि प्रत्येक वेळी ते तिला स्वच्छ दिसलेलं असायचं. छापून आलेला कागद हातात घेतला की मात्र चूक समोर हजर. पहिल्यांदा तिला राग आला, दुसऱ्यांदा लाज वाटली आणि पत्रिकेनंतर ती घाबरली.

घाबरायला कारण होतं. तिची आई शिवणकामाच्या शाळेत शिकवायची. एकोणसाठाव्या वर्षी तिच्या हातून पहिल्यांदा काजं चुकली. बटणं एकीकडे, काजं दुसरीकडे. सगळ्यांनी थट्टेवारी नेलं. चार वर्षांनी आई यशोधरेलाच विचारू लागली, की बाई, तुम्ही कुणाच्या घरच्या. आता यशोधरा सत्तावन्नची होती, आणि आईचं जे बोटांत सुरू झालं ते आपल्या डोळ्यांत सुरू झालंय, हा हिशोब तिने मनाशी पक्का करून टाकला होता.

तिची एकुलती एक मुलगी ऋजुता पुण्यात असायची. वडील गेल्यापासून आईची काळजी हे तिचं दुसरं काम होऊन बसलं होतं, आणि ते ती पहिल्यापेक्षा चोख करायची. पत्रिकेचं कळल्यावर ती धावत आली आणि आईला कऱ्हाडातल्याच एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे, डॉ. शेट्यांकडे, घेऊन गेली. डॉक्टरांनी बऱ्याच गोष्टी विचारल्या. तारीख, वार, पंतप्रधान, शंभरातून सात-सात वजा करा. ते सगळं जमलं. मग त्यांनी पडद्यावर एक उतारा दाखवला. त्यात सात शब्द मुद्दाम चुकवलेले होते. ते शोधायचे. बत्तीस वर्षं ज्या कामाची भाकरी खाल्ली तेच काम! तिने उतारा दोनदा वाचला आणि तिला एकच चूक सापडली. डॉक्टर फार हळुवार बोलले. इतक्यात घाबरायचं कारण नाही, पण तयारीत राहिलेलं बरं, असं म्हणाले. माणूस हळुवार बोलायला लागला की समजावं, बातमी वाईट आहे.

ऋजुताने लगेच तयारीला हात घातला. आईने पुण्याला यायचं, छापखाना सोडायचा, आणि घर, बँक, औषधपाणी या सगळ्याचे निर्णय ऋजुताने घ्यायचे, असं एक मुखत्यारपत्र करायचं ठरलं. मजकूर वकिलाकडून आला की शनिवारी ती घेऊन येणार आणि सोमवारी कचेरीत जाऊन सही. यशोधरा हो म्हणाली. ती काही ऐकून घेणारी बाई नव्हती. पण नाही म्हणायला स्वतःवर जेवढा भरवसा लागतो, तेवढा तिच्यापाशी उरला नव्हता.

गुरुवारी मुजावर स्वतः घरी आले. अस्लम मुजावर तिच्याहून दहा वर्षांनी मोठे, छापखाना त्यांच्या वडलांचा. त्यांनी पिशवीतून पेरू काढले, मग एका पुस्तकाचं प्रूफ तिच्या पाटीवर चढवलं. पाटी म्हणजे कागदासारखी पातळ, पांढरी, तिच्यावर मजकूर उमटायचा. आताशा घरोघरी असते तसलीच. पुस्तक एका निवृत्त वनरक्षकाचं होतं, सह्याद्रीतल्या पायवाटांवरचं. यशोधरा म्हणाली, की आता मला काम देऊ नका, तुमचंही नाव बुडेल.

“बाई, बत्तीस वर्षं तुम्ही आमच्या चुका झाकल्या,” मुजावर म्हणाले. “सहा महिने आम्ही तुमच्या झाकल्या तर काय बिघडलं? एवढं बघा. मग जावा पुण्याला.”

ते गेल्यावर यशोधरेने पेरू धुऊन ठेवले आणि पाटी मिटून टाकली.

शुक्रवारी दुपारी जेवण आटोपून ती शेवटचं काम म्हणून त्या पुस्तकाला बसली. पहिली दोन पानं तिने वाचली. नजर कुठे अडली नाही, ठेचकाळली नाही. पान लोण्यासारखं सरत गेलं. आणि नेमकी तीच गोष्ट तिला खटकली. रानात आयुष्य काढलेला माणूस, त्याने बोलून लिहवलेला मजकूर, आणि पहिल्याच प्रुफात एकही चूक नाही? असं कधी झालं नव्हतं. म्हणजे चुका आहेत आणि आपल्याला दिसत नाहीत.

तेव्हा तिला तिच्या पहिल्या गुरूची युक्ती आठवली. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून हयात घालवलेले गणपतकाका म्हणून एक गृहस्थ होते. ते सांगायचे, की अर्थ हा चुकांचा साथीदार असतो. वाक्य समजायला लागलं की डोळा अर्थाच्या मागून पळतो आणि अक्षर बघतच नाही. म्हणून संशय आला की पान उलटं वाचायचं. शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे. उलट्या वाचनात अर्थ नसतो, शब्द एकटा सापडतो, आणि एकट्याला पकडणं सोपं. हे काम कंटाळवाणं आणि मान मोडणारं. यशोधरेने ते वीस वर्षांत केलं नव्हतं, कारण तिला त्याची गरजच पडली नव्हती.

तिने पानाच्या तळापासून सुरुवात केली. “लागतात... दर्या... दोन... पुढे...”

दर्या? पुढे दोन दर्या लागतात? सह्याद्रीत समुद्र कुठून आला, म्हणून तिने डोळे त्या शब्दावर रोखले, आणि तिच्या देखत तो शब्द बदलला. यवरचा रफार गेला, यच्या आधी पापणीची काडी आली, आणि ‘दऱ्या’ असा शुद्ध, निष्पाप शब्द तिच्याकडे बघू लागला.

यशोधरेने पाटी खाली ठेवली. आईलाही शेवटी शेवटी भिंतीवर माणसं चालताना दिसायची. म्हणजे आपण आजाराच्या इतक्या पुढे येऊन ठेपलो! ती स्वयंपाकघरात गेली, तांब्यातलं पाणी प्यायली, आणि ओट्याला धरून उभी राहिली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते आलं नाही.

मग बत्तीस वर्षांच्या सवयीने तिला पुन्हा खुर्चीत आणून बसवलं. चूक दिसली की आधी मूळ प्रत बघायची, डोळ्यांना दोष नंतर. तिने पुन्हा उलटं वाचायला घेतलं. ‘पायर्या’ची ‘पायऱ्या’ झाली. ‘झर्याचं’ होतं ते ‘झऱ्याचं’ झालं. ‘पाउलवाट’ होती ती ‘पाऊलवाट’ झाली. ती थबकली. अक्षरं हलत होती खरी, पण प्रत्येक वेळी अशुद्धाकडून शुद्धाकडेच. एकदाही उलटं नाही. आणि बिघडलेला मेंदू इतक्या शुद्धलेखनाने वागत नसतो.

पाटीच्या वरच्या काठावर मसुराएवढा कॅमेरा होता. तो माणसाचा डोळा ओळखायचा, मगच पाटी उघडायची. यशोधरेने आरशावरची एक टिकली काढली आणि त्या मसुरावर चिकटवली. पान क्षणभर थरथरलं आणि स्थिर झालं. तिने वाचायला घेतलं. सरळ, नेहमीसारखं. पहिल्याच ओळीत अडखळली. दुसऱ्या ओळीत अडखळली. दर्या, पायर्या, झर्याचं, पाउलवाट, सगळे आपापल्या जागी ठाण मांडून बसलेले. त्या एका पानावर अकरा चुका होत्या आणि अकराही तिला दिसल्या.

आता मात्र ती रडली. चांगलं हुंदके देऊन रडली, आणि रडता रडता हसली. अकरा चुका बघून एवढा आनंद आजवर कुठल्या मुद्रितशोधकाला झाला नसेल. आपण शाबूत आहोत, आपलं डोकं आपलंच आहे, ही गोष्ट तिने मोठ्याने बोलून स्वतःला दोनदा ऐकवली.

दोन मिनिटांनी पाटी झोपी गेली, कारण तिला डोळा दिसत नव्हता. टिकली लावून काही संसार चालणार नव्हता. तिने टिकली काढली, पाटी जागी केली आणि तिलाच विचारलं, की माझी अक्षरं कोण बदलतंय. पाटी गोड आवाजात म्हणाली, की तुमचा मजकूर बदललेला नाही, फक्त वाचन सुखकर केलेलं आहे. ते सुख बंद कर, असं सांगितल्यावर पाटी त्याहून गोड आवाजात म्हणाली, की ही सोय पाटीचा भाग आहे, ती बंद करता येत नाही.

गोड बोलणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. यशोधरेने काळी खिडकी उघडली.

काळी खिडकी अजून प्रत्येक पाटीत असते, फक्त कुणी तिच्याकडे फिरकत नाही. पूर्वी सॉफ्टवेअर बसवायचं तर तिथेच आज्ञा टाइप करावी लागे. यशोधरा जुळणीसाठी वापरायची ते ‘खिळा’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर तिने तरुणपणी असंच बसवलं होतं, तेव्हा इंग्रजी आज्ञा पाठ करून. नंतर कुणा भल्या लोकांनी त्या आज्ञा मराठीत आणल्या. बसव म्हटलं की बसवायचं, काढ म्हटलं की काढायचं. या खिडकीत अक्षरं आखलेल्या चौकोनांत ठोकळ्यासारखी बसतात, सुखकर वगैरे काही होत नाही. जे आहे ते दिसतं.

तिने टाइप केलं, ‘यादी’. पाटीत काय काय बसवलंय ते सरसर उतरू लागलं. मध्ये एक ओळ होती: ओघ, आवृत्ती ४, वसुबारसेला बसवले, कारण खिळ्याच्या नव्या आवृत्तीला लागते. वसुबारस! म्हणजे बरोबर सहा महिने. तिने ‘ओळख ओघ’ असं विचारलं आणि उत्तर आलं ते पानभर होतं. ते तिने पेन्सिल हातात घेऊन वाचलं.

वाचताना आपला डोळा ओळीवरून घरंगळत जात नाही, उड्या मारत जातो. एका उडीत सात-आठ अक्षरं ओलांडतो, पाव सेकंद थांबतो, पुन्हा उडी. उडी चालू असताना डोळा जवळजवळ आंधळा असतो. मेंदू ती फट आपल्या पदरचं घालून बुजवतो, म्हणून आपल्याला कळत नाही. वाचता वाचता काही खटकलं की डोळा मागे उडी मारतो. दमणूक होते ती या मागच्या उड्यांनी. ओघ बनवणाऱ्यांनी नेमकं तेच हेरलं. कॅमेरा बुबुळावर नजर ठेवायचा, हा माणूस कुठे अडखळतो, त्याला पुढे कुठलं अक्षर अपेक्षित असतं, हे शिकायचा, आणि त्याची एक नेत्ररेषा तयार करायचा. मग जिथे अडखळण्याचा संभव, तिथे डोळा उडीत असतानाच अक्षर बदलून अपेक्षेतलं अक्षर मांडायचं. मूळ मजकूर जसाच्या तसा, बदल फक्त पडद्यावर आणि फक्त त्या एका वाचणाऱ्यापुरता.

छापखान्याच्या यंत्राला डोळे नसतात, त्यामुळे ते मुळात होतं तेच छापायचं. यशोधरेला मात्र तिच्या अपेक्षेतलं दिसायचं. आणि तिची अपेक्षा जन्मभर एकच, शुद्धलेखनाची. जितकी तिची नजर पक्की, तितकं ओघाला काम सोपं. उलट्या वाचनात उडी कुठे पडणार याचा अंदाज त्याला आला नाही, बदल करायला निमिषभर उशीर झाला, आणि चोर रंगेहाथ सापडला.

शेवटच्या ओळीने ती सर्वांत जास्त चमकली. ‘आपली नेत्ररेषा आपल्या डोळ्यांबरोबर येते. कोणत्याही पाटीसमोर बसा, ओघ आपल्याला ओळखेल.’ दवाखान्यातला पडदाही तिचा डोळा बघूनच उघडला होता.

यशोधरेने ‘काढ ओघ’ लिहिलं. खिडकीने विचारलं, ‘ओघ काढल्यास खिळ्याची नवी आवृत्तीही निघेल. पुढे जायचे? हो / नाही.’ तिने असं ठणकावून हो लिहिलं, की टेबल हाललं. मग ‘बसव खिळा ६’, म्हणजे आपली जुनी, ओळखीची आवृत्ती. ती बसल्यावर ‘धर खिळा ६’, म्हणजे यापुढे कुणीही आलं तरी हिच्या जागी नवी आवृत्ती घुसवू नये. सगळं पाच मिनिटांत झालं. हात झटकत ती परत पानाकडे वळली आणि उलटं वाचू लागली.

‘पायर्या’ची ‘पायऱ्या’ झाली.

ओघ तर काढला, मग आता कोण बदलतंय? ती काळ्या खिडकीकडे परत गेली, आणि तिथे आपल्याच हो-खाली एक ओळ तिला दिसली. ‘टीप: ओघाची नेत्ररेषा व पडद्यातला साहाय्यक जागेवर ठेवले आहेत; पुन्हा बसवल्यास उपयोगी पडतील.’ ओळ मघापासून तिथेच होती. आनंदाच्या भरात तिने वाचलीच नव्हती. ही चूक मात्र निखळ तिची स्वतःची होती, आणि तिचं तिला भलतंच बरं वाटलं.

जुनी माणसं सांगत, की घाणेरी नुसती छाटून जात नाही, खणून काढावी लागते. तिने लिहिलं, ‘काढ ओघ, मुळासकट’. खिडकीने बजावलं, की नेत्ररेषा सर्व ठिकाणांहून कायमची पुसली जाईल. हो. खात्री आहे? हो. पाटी एकदा मिटली आणि उघडली. तिने पान उलटं वाचलं, सुलटं वाचलं, मधूनच वाचलं. चुका हलल्या नाहीत.

संध्याकाळी तिने ऋजुताला फोन करून सगळं सांगितलं. शब्दांच्या आधी शब्द येत होते. पलीकडून ऋजुता सांभाळून बोलली, आणि ते सांभाळणंच यशोधरेला लागलं.

“आई, डॉक्टर म्हणाले होते ना, सुरुवातीला माणूस आजूबाजूच्यांवर संशय घेतो. चोरी झाली म्हणतो, कुणीतरी बदललं म्हणतो. तुला तसं वाटणं साहजिक आहे.”

शहाण्याने मी शहाणा आहे म्हणून सांगितलं, की लोक आणखीच लांब सरकतात. यशोधरा म्हणाली, ये तू उद्या, मग बोलू.

शनिवारी सकाळी ऋजुता आली ती कागदांचं जाड पाकीट घेऊनच. चहा झाला. यशोधरेने भांडण काढलं नाही की समजूत घातली नाही. तिने वनरक्षकाचं ते पान ऋजुताच्या स्वतःच्या पाटीवर पाठवलं आणि मोठ्याने वाच म्हणून सांगितलं. ऋजुताने सरळ धडाधड वाचलं. चुका किती, असं विचारल्यावर ती म्हणाली, एकही नाही. मग यशोधरेने आपली पाटी तिच्या हातात दिली. तेच पान. ऋजुता दुसऱ्याच ओळीत थांबली, मागे गेली, पुन्हा थांबली. ‘पुढे दोन दर्या’ म्हणून तिने मान वर केली, तेव्हा तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

तिने दोन्ही पाट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकेक ओळ ताडून पाहिली.

“वसुबारसेला मीच बसवलं हे,” ती म्हणाली. “तू म्हणायचीस, डोळे दुखतात. मी पुण्यातूनच तुझी पाटी अद्ययावत केली. तुला सांगितलंही नाही. म्हटलं, हिला कशाला त्रास.”

यशोधरेला हे कालच कळून चुकलं होतं. तिच्या पाटीची किल्ली मुलीशिवाय कुणाकडे होती? रात्रभर तिने मनात एक चांगलं सणसणीत भाषण तयार ठेवलं होतं. पण समोर बसलेली ही पोर सहा महिने आईच्या काळजीने वाळली होती, आणि तो आजार तिनेच प्रेमाने बसवलेला निघाला, याहून मोठी शिक्षा आणखी कोण देणार? यशोधरेने भाषण गिळलं आणि म्हणाली, की डोळे दुखायचे थांबले होते हेही तितकंच खरं.

दुपारी दोघी डॉ. शेट्यांकडे गेल्या. त्यांनी आधी ऐकून घेतलं ते डॉक्टर ऐकतात तसं, अर्धवट. मग यशोधरेच्या हट्टापायी तोच उतारा कागदावर छापून मागवला. तिने पर्समधून लाल पेन काढलं. वाचताना ती सहा ठिकाणी थांबली, तीनदा मागे गेली, आणि प्रत्येक अडखळीला तिचा जीव भांड्यात पडत गेला. कागद परत दिला तेव्हा त्यावर नऊ खुणा होत्या.

सातच चुका आहेत, असं डॉक्टर म्हणाले. यशोधरेने त्यांना उरलेल्या दोन समजावून सांगितल्या. त्या चाचणी तयार करणाऱ्यांच्या होत्या.

डॉक्टर आधी हसले. मग त्यांचं हसू विरलं. त्यांनी आपल्या पडद्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. त्यांचे वडील याच ओघामुळे दहा वर्षांनी पुन्हा वर्तमानपत्र वाचायला लागले होते, असं त्यांनी सांगितलं. म्हणून त्यांनी दवाखान्यातही तो हौसेने बसवून घेतला होता. “या सहा महिन्यांत मी चौदा जणांना हा उतारा दाखवून घाबरवलंय,” ते म्हणाले, आणि त्यांनी बाहेरच्या बाईंना हाक मारून त्या चौदा जणांची नावं काढायला सांगितली. सगळेच काही यशोधरेसारखे सुटणार नव्हते, पण जे सुटणार होते त्यांना सोमवारपर्यंत तरी कशाला थांबवायचं?

घरी येताना दोघी चालतच निघाल्या. ऋजुता मधूनच आईचा हात धरत होती आणि सोडत होती. यशोधरेला रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचता येत होती, आणि त्यांतल्या निम्म्या चुकलेल्या होत्या. इतकं सुंदर गाव तिने कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

घरात शिरल्यावर ऋजुताने ते जाड पाकीट उचललं. फाडून टाकते, म्हणाली. यशोधरेने ते तिच्या हातातून काढून घेतलं. आपल्याबद्दल कुणी काय लिहिलंय ते न वाचता फाडू देणारी ती बाई नव्हती. चष्मा लावून ती खुर्चीत बसली आणि कागद मांडीवर घेतला. ऋजुता खुर्चीमागे उभी राहून बघू लागली.

वकिलाने लिहिलं होतं: ‘मी यशोधरा वसंत पाटणकर, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्यास असमर्थ असल्याने, माझ्या वतीने सर्व निर्णय घेण्याचे अधिकार माझी मुलगी ऋजुता हिला देत आहे.’

यशोधरेने ते वाक्य एकदा सरळ वाचलं. मग लाल पेनाने ‘असमर्थ’मधल्या पहिल्या अक्षरावर एक उभी रेघ मारली आणि समासात, बत्तीस वर्षं काढत आली तशी, अक्षर काढून टाकण्याची गोल खूण केली. तिथून पुढे जाऊन ‘देत’ आणि ‘आहे’ यांच्यामध्ये पेनाचं टोक टेकवलं. ‘आहे’ काढलं, त्याच्या जागी ‘नाही’ लिहिलं.

ऋजुता मागून वाकून वाचत होती. तिला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. नाक ओढत तिने विचारलं, की आता तरी हे टाकून देऊ ना.

“टाकतेस कशाला?” यशोधरा म्हणाली. “दुरुस्त करून दुसरं प्रूफ काढून आण. सही करते.”